पुढील अखंड अ‍ॅक्सल आणि डोंगरातील जुनी पिकअप : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जुन्या पिकअप वाहनाचे पुढील स्वतंत्र सस्पेन्शन काढून त्या जागी अखंड अ‍ॅक्सल बसविणे, हा बदल डोंगराळ भागातील वाहनधारकांमध्ये चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात या बदलामागील यंत्रशास्त्र, त्यातून होणारे लाभ आणि उद्भवणारे धोके यांचे विवेचन केले आहे. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत एकाच वाहनाला एकाच सकाळी डोंगरातील कच्चा रस्ता आणि पुणे-नाशिक महामार्ग असे दोन्ही रस्ते धावावे लागतात. म्हणून या बदलाचे मूल्यमापन दोन्ही रस्त्यांवर व्हावे, अशी भूमिका लेखात मांडली आहे.

बीजशब्द : अखंड अ‍ॅक्सल, स्वतंत्र सस्पेन्शन, कॅस्टर कोन, शिमी, मोटार वाहन कायदा.

१. प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाला परिभ्रमी गतीचे प्रकरण शिकवीत असताना डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तासानंतर एक प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांच्या जुन्या पिकअपचे पुढील सस्पेन्शन वारंवार खराब होत होते. ते काढून जुन्या जीपचा पुढील अ‍ॅक्सल बसविला, तर गाडी पुन्हा कधी अडणार नाही, असे त्यांना गॅरेजमध्ये सांगण्यात आले होते. हे खरे आहे काय, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. वरवर पाहता हा प्रश्न गॅरेजचा आहे. परंतु त्यात बलविज्ञान, कायदा आणि एका कुटुंबाची उपजीविका या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे विस्तारित रूप होय.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेला भिडलेला आहे. कुकडी, मीना आणि घोड या नद्या याच भागात उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्यावर अनुक्रमे माणिकडोह, वडज आणि डिंभे ही धरणे उभी आहेत. धरणांच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्यावस्त्या, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे आहेत. तर खालच्या अंगाला ऊस, कांदा, टोमॅटो यांची बागायती शेती आणि नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा यांसारख्या बाजारपेठा आहेत. वरच्या गावातील माल, रुग्ण आणि विद्यार्थी यांना खालच्या पेठेपर्यंत आणणारे साधन म्हणजे एस.टी., जीप किंवा पिकअप. दिनांक ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते त्या मार्गावरील एस.टी. चालकाच्या. या खोऱ्यांतील जीवन एकेका रस्त्याशी किती घट्ट बांधलेले आहे, हे त्यावरून ध्यानी यावे. अशा रस्त्यावर वाहन न अडणे ही चैनीची बाब नाही. म्हणूनच उपरोक्त प्रश्नाकडे हौशी मंडळींचा छंद म्हणून पाहता येत नाही.

२. अखंड अ‍ॅक्सल म्हणजे काय ?

बैलगाडीचा आख आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन चाकांना जोडणारा एकच दांडा, आणि त्यावर गाडीचा साटा. डावे चाक दगडावर चढले की आख तिरपा होतो आणि त्याबरोबर उजवे चाकही कलते. अखंड अ‍ॅक्सलचे तत्त्व हेच होय. मोटारीत हा आख पोकळ असतो. त्याच्या पोटात डिफरन्शियल आणि चाकांना फिरविणारे दोन शाफ्ट असतात. पुढील अ‍ॅक्सलच्या बाबतीत आणखी एक गरज असते. चाके फिरत असतानाच वळलीही पाहिजेत. त्यासाठी अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांवर वळणारा नकल बसविलेला असतो आणि त्याच्या आत, शाफ्टच्या मार्गात, कोनात फिरू शकणारा सांधा असतो. हा संपूर्ण दांडा दोन्ही बाजूंच्या पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो आणि पाटे शॅकलच्या साहाय्याने चेसिसला टांगलेले असतात.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये असा एकसंध दांडा नसतो. डिफरन्शियल चेसिसला पक्के केलेले असते. प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन बाहूंवर स्वतंत्रपणे वर-खाली होते आणि स्प्रिंगचे काम कॉइल किंवा टॉर्शन बार करतो. टॉर्शन बार म्हणजे पीळ पडला असता विरोध करणारा पोलादी दांडा. या रचनेत डावे चाक उचलले गेले तरी उजव्या चाकाला त्याची फारशी वार्ता लागत नाही.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात चारही चाकांना शक्ती देणारे वाहन आले ते जीपच्या रूपाने. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या कंपनीने १९४७ पासून विलिस जीप सुट्या भागांतून जोडून विकण्यास सुरुवात केली. विलिस जीप, तिच्यातून निघालेली सी.जे. मालिका आणि नंतरची एम.एम. ५४० या साऱ्यांना पुढेही अखंड अ‍ॅक्सल आणि पाटेच होते. लष्करासाठी जबलपूर येथे तयार होणारी जोंगा आणि १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी यांचीही रचना तीच होती. त्यामुळे गावोगावच्या कारागिरांचा हात अखंड अ‍ॅक्सलवर बसला. त्याचे भाग मिळतात, तो उघडता येतो आणि घण-पान्याने दुरुस्त होतो, हा अनुभव दोन पिढ्यांचा आहे.

पुढे चित्र पालटले. २००० मध्ये आलेल्या बोलेरोला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते. त्या दशकातील स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉन या पिकअपना पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. २०१० मध्ये आलेल्या थारच्या सी.आर.डी.ई. प्रकारात पुढे टॉर्शन बार होते, तर तिच्याच डी.आय. प्रकारात पुढे जुन्या पद्धतीचा अखंड अ‍ॅक्सल व पाटे कायम होते. एकाच नावाच्या दोन गाड्यांत दोन्ही रचना शेजारी-शेजारी उभ्या राहिल्याने तुलना आणि अदलाबदलीची कल्पना स्वाभाविकपणे पुढे आली.

जगात या अदलाबदलीचे सर्वांत परिचित उदाहरण टोयोटाच्या हायलक्स पिकअपचे आहे. १९७९ मध्ये या गाडीचे चारही चाकांना शक्ती देणारे रूप आले, तेव्हा तिला पुढे अखंड अ‍ॅक्सल होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीत १९८६ च्या मॉडेलपासून टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आले. अखंड अ‍ॅक्सल असलेली हायलक्स इतर काही देशांत त्यानंतरही अनेक वर्षे विकली जात होती. खडकाळ वाटांवर जाणाऱ्या अमेरिकन हौशी वाहनधारकांनी नव्या गाडीत जुना अ‍ॅक्सल बसविण्यास प्रारंभ केला आणि कालांतराने त्यासाठी तयार सुटे भागही मिळू लागले. आपल्याकडे मात्र अशा तयार संचांची परंपरा नाही. जे काही होते ते भंगारातील अ‍ॅक्सल, वेल्डिंग आणि कारागिराचा अंदाज यांवर होते. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

४. डोंगरातील लाभ

अखंड अ‍ॅक्सलची बाजू प्रथम न्याय्यपणे मांडणे आवश्यक आहे.

पहिला लाभ जमिनीपासूनच्या अंतराचा. समजा, चाकाची त्रिज्या ३६ सें.मी. आणि डिफरन्शियलची वाटी अ‍ॅक्सलच्या मध्यापासून १४ सें.मी. खाली आलेली आहे. तर वाटीखालील अंतर २२ सें.मी. राहील. गाडी कितीही आदळली, पाटे कितीही दबले, तरी हे अंतर बदलत नाही. कारण अ‍ॅक्सल चाकांबरोबरच वर-खाली होतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल चेसिसला जखडलेले असते. तेथे उभ्या गाडीचे अंतर २२ सें.मी. असले आणि खड्ड्यात दोन्ही चाके ८ सें.मी. दबली, तर डिफरन्शियलखाली १४ सें.मी. एवढेच अंतर उरते. दरडीचे दगड पडलेल्या रस्त्यावर या ८ सें.मी.चे मोल चालकाला ठाऊक असते.

दुसरा लाभ चाके जमिनीला टेकून राहण्याचा. अखंड अ‍ॅक्सलवर एक चाक वर गेले की तोच दांडा तरफेप्रमाणे दुसऱ्या चाकाला खाली दाबतो. परिणामी आडव्या-तिडव्या चरांतही दोन्ही चाके जमीन सोडत नाहीत आणि शक्ती वाया जात नाही. स्वतंत्र सस्पेन्शनच्या चाकाची खाली जाण्याची मर्यादा बाहूंच्या लांबीने ठरलेली असते, ती संपली की चाक अधांतरी फिरू लागते.

तिसरा लाभ साधेपणाचा. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून चार बॉल जॉइंट, बाहूंचे बुश, शाफ्टच्या सांध्यांवरील रबरी बूट असे अनेक झिजणारे भाग असतात. एक बूट फाटला की चिखल आत शिरतो आणि काही दिवसांत सांधा निकामी होतो. अखंड अ‍ॅक्सलमध्ये असे भाग मोजके असतात.

विद्यार्थ्याच्या वडिलांना गॅरेजमध्ये जे सांगण्यात आले, ते या तीन मुद्द्यांपुरते खरेच होते.

५. महामार्गावरील किंमत

परंतु पिकअप डोंगरातच राहत नाही. पहाटे वाडीतून निघालेला माल घोडेगाव किंवा जुन्नरमार्गे मंचर अथवा नारायणगावला येतो. भाव पडलेला असेल तर तीच गाडी पुढे पुण्याकडे वळते. मंचरपासून पुणे सुमारे ६० कि.मी. आहे. म्हणजे कच्च्या वाटेवर ताशी १५ कि.मी. वेगाने येणारे वाहन तासाभरात महामार्गावर ताशी ६० कि.मी. किंवा त्याहून अधिक वेगाने धावते. अखंड अ‍ॅक्सलचे दोष नेमके येथे प्रकट होतात.

पहिला दोष स्प्रिंगखालील वस्तुमानाचा. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियलचे वजन स्प्रिंगच्या वर, म्हणजे चेसिसवर असते. अखंड अ‍ॅक्सलमध्ये ते स्प्रिंगखाली येते आणि प्रत्येक खड्ड्यात चाकाबरोबर उसळते. उसळणाऱ्या भागाची कंपनवारंवारता ही ताठपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. वस्तुमान दुप्पट झाले तर वारंवारता सुमारे ०.७१ पट होते, म्हणजे उसळलेले चाक जमिनीवर परत येण्यास अधिक वेळ घेते. चाक हवेत असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी असतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फिरणाऱ्या चाकाला कोनीय संवेग असतो. फिरत्या भोवऱ्याचा अक्ष कलविण्याचा प्रयत्न केला तर तो काटकोनातील दिशेला वळू पाहतो, हा भौतिकशास्त्रातील परिचित प्रयोग होय. अखंड अ‍ॅक्सलवर एक चाक खड्ड्यात गेले की दांडा कलतो आणि दोन्ही फिरत्या चाकांचे अक्ष एकदम कलतात. परिणामी चाकांना किंगपिनभोवती वळविणारे आघूर्ण निर्माण होते. समजा, चाकाचे जडत्व आघूर्ण १.५ कि.ग्रॅ. वर्ग मीटर आहे. ताशी ६० कि.मी. वेगाला त्याचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे ४६ रेडियन येतो. अ‍ॅक्सल सेकंदाला १ रेडियन या गतीने कलला, तर प्रत्येक चाकावर सुमारे ७० न्यूटन मीटर एवढे आघूर्ण येईल. ताशी १५ कि.मी. वेगाला तेच सुमारे १७ न्यूटन मीटर असेल. म्हणजे डोंगरात जे जाणवतही नाही, ते महामार्गावर चौपट होऊन स्टिअरिंगला हिसका देते. स्टिअरिंगच्या सांध्यांत ढिलाई असेल तर हा हिसका एकदा येऊन थांबत नाही. चाके डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात. यालाच शिमी असे म्हणतात.

हा दोष नवा नाही. प्रवासी मोटारींत पुढील अखंड अ‍ॅक्सल मागे पडण्याच्या कारणांत शिमी हे एक प्रमुख कारण होते. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला आणि १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. याचा अर्थ अखंड अ‍ॅक्सल महामार्गाला सर्वस्वी अयोग्य आहे असा नव्हे. जिप्सी महामार्गावर धावली. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीलाही पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सलच आहे. मात्र तेथे अ‍ॅक्सल, स्प्रिंग, स्टिअरिंग आणि डँपर यांचा एकमेकांशी मेळ निर्मात्याने घातलेला आहे. अदलाबदलीत हा मेळच मोडतो. तो कसा, हे पुढील भागात पाहू.

६. अदलाबदलीत बदलणारी गणिते

अ‍ॅक्सल बदलणे म्हणजे एक भाग काढून दुसरा बसविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्याबरोबर किमान सहा गणिते बदलतात.

(अ) ट्रॅक व डिफरन्शियलची बाजू : सी.जे. ३ बी. जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे सव्वा मीटर होते. आजच्या पिकअपचे अंतर त्याहून पुष्कळ अधिक असते. अरुंद अ‍ॅक्सल बसविल्यास गाडी पुढून अरुंद व मागून रुंद होते आणि वळणावर कलण्याची प्रवृत्ती वाढते. चाकाखाली जाड स्पेसर घालून हे अंतर भरले तर बेअरिंगवरील भार वाढतो. शिवाय डिफरन्शियल ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला ट्रान्सफर केसचा शाफ्ट निघाला पाहिजे.

(आ) गुणोत्तर : पुढील आणि मागील डिफरन्शियलचे गुणोत्तर सारखे असलेच पाहिजे. सी.जे. ३ बी. मध्ये ते ५.३८ होते. मागे ४.८८ चे डिफरन्शियल ठेवून पुढे ५.३८ चे बसविले, तर फरक सुमारे १० टक्के येतो. म्हणजे मागील चाके १०० मीटर जात असताना पुढील चाके सुमारे ९० मीटरच जाऊ पाहतात. चिखलात चाके घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर मात्र तो शाफ्ट आणि दात्यांत ताण होऊन साठतो, आणि सर्वांत दुबळा भाग तुटतो.

(इ) कॅस्टर कोन : किंगपिनचा अक्ष वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो. या झुकावामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. अ‍ॅक्सल बसविताना गाडी उंच होते आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो. तो सौम्य करण्यासाठी डिफरन्शियलचे तोंड वर फिरविले जाते. परंतु नकल त्याच दांड्याला जोडलेले असल्यामुळे तोंड ६ अंश वर फिरविले की कॅस्टर ६ अंशांनी कमी होतो. मूळ कॅस्टर ४ अंश असेल तर तो उणे २ होतो. अशा गाडीचे स्टिअरिंग सरळ होत नाही, ते धरून ठेवावे लागते. यावर खरा उपाय म्हणजे नकलचे जोड कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणे. हे काम अचूक जिगशिवाय करणे धोक्याचे आहे.

(ई) स्टिअरिंगचा दांडा : समजा, स्टिअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंतचा आडवा दांडा ९० सें.मी. लांब आणि जमिनीला समांतर आहे. चाक ८ सें.मी. वर गेले तर त्याच्या आडव्या लांबीत सुमारे ३.६ मि.मी. फरक पडतो. गाडी उंच केल्यामुळे तोच दांडा १५ सें.मी. तिरपा झाला असेल, तर तेवढ्याच उसळीला सुमारे ९.९ मि.मी. फरक पडतो. नकलचा बाहू १५ सें.मी. असेल तर पहिल्या स्थितीत चाक १.४ अंश आणि दुसऱ्या स्थितीत ३.८ अंश आपोआप वळेल. चालकाने स्टिअरिंग हलविलेलेच नसते. ताशी ६० कि.मी. वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, हे येथे लक्षात घ्यावे.

(उ) सांधा : जुन्या जीपच्या अनेक अ‍ॅक्सलांत वळणाऱ्या टोकाला साधा क्रॉस असलेला सांधा असतो. असा सांधा कोनात फिरताना समान गती देत नाही. ३० अंशांच्या कोनात चाकाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा ०.८७ पटीपर्यंत उतरते आणि दोनदा १.१५ पटीपर्यंत चढते. घाटातील तीव्र वळणावर पुढील चाकांना शक्ती जोडलेली असताना स्टिअरिंग हिसके देते ते यामुळेच.

(ऊ) चेसिस आणि ब्रेक : स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत पुढील भार चेसिसच्या मधल्या आडव्या तुळईवर येतो. पाट्यांच्या गाडीत तो पाट्याच्या दोन टोकांवर येतो. म्हणजे निर्मात्याने जेथे भार कल्पिलेलाच नव्हता, तेथे तो द्यावा लागतो. तेथे केलेल्या वेल्डिंगच्या कडेचे पोलाद उष्णतेने बदलते आणि वर्ष-दोन वर्षांनी तेथूनच तडा जाऊ शकतो. ब्रेकच्या पिस्टनचे क्षेत्रफळ बदलल्यास मास्टर सिलिंडरशी त्याचा मेळ राहत नाही आणि पुढील-मागील ब्रेकचे प्रमाण बिघडते. उंची वाढल्याने ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. पूर्ण वळणावर आणि पूर्ण उसळीवर त्या ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिलेच पाहिजे.

या सहाही गणितांना उत्तरे आहेत. परंतु ती सर्व एकाच वेळी सुटली पाहिजेत. पाच सुटली आणि एक राहिले, तर गाडी चालते. पण ती कोठे आणि केव्हा दगा देईल हे सांगता येत नाही.

७. कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ समाविष्ट झाले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मालवाहू पिकअपच्या बाबतीत योग्यता प्रमाणपत्राचाही प्रश्न आहे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला ते दरवर्षी घ्यावे लागते. अ‍ॅक्सल बदललेले वाहन तेथे अडू शकते. त्याहून मोठी बाब विम्याची. अपघातानंतर अनधिकृत बदल आढळल्यास विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. ज्या कुटुंबाची एकमेव मालमत्ता ती गाडी व दोन-चार एकर जमीन आहे, त्याच्यासाठी या एका वाक्याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याची ही कठोरता निष्कारण नाही. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. नव्या मॉडेलचे ब्रेक, स्टिअरिंग इत्यादींची चाचणी अशा मान्यताप्राप्त संस्थांमध्ये झाल्यावरच ते रस्त्यावर येते. उपरोक्त सहा गणिते तेथे मोजून पाहिली जातात. गॅरेजमधील कारागीर कितीही कुशल असला तरी त्याच्याजवळ मोजण्याचे ते साधन नसते. त्याची चाचणी रस्त्यावर आणि ग्राहकाच्या जिवावर होते.

८. पर्यायांचा विचार

मग वारंवार बिघडणाऱ्या पिकअपचे करावे काय ? पहिला पर्याय म्हणजे आहे ते स्वतंत्र सस्पेन्शन पूर्णपणे दुरुस्त करणे. बहुधा एक बॉल जॉइंट आज, एक बुश सहा महिन्यांनी अशी तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्ती होते आणि जुना झिजलेला भाग नव्या भागालाही झिजवितो. चारही बॉल जॉइंट, सर्व बुश, बूट व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदम बदलून चाकांचे अलाइनमेंट करून घेतल्यास तक्रारी लक्षणीय प्रमाणात कमी होतात. पावसाळ्यात दर पंधरवड्यास खाली वाकून बूट फाटले आहेत का एवढे पाहिले, तरी मोठा खर्च वाचतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी उंच करण्याची सोपी युक्ती सर्रास वापरली जाते. त्यामुळे गाडी उंच दिसते, परंतु शाफ्टचे सांधे तीव्र कोनात फिरू लागतात आणि चाकाची खाली जाण्याची जागा संपते. सांधे लवकर जातात आणि दोष मात्र मूळ रचनेला दिला जातो. अनेकदा अदलाबदलीचा विचार येथूनच सुरू होतो.

दुसरा पर्याय म्हणजे ज्याची बहुतांश वाटचाल खरोखरच डोंगरात आहे, त्याने मुळातच अखंड अ‍ॅक्सल असलेले वाहन घेणे. अशा जुन्या वाहनाचीही निगा आवश्यक असते. ओढ्याच्या पाण्यातून गेल्यावर हबमधील ग्रीस पांढरट झाले आहे का, किंगपिनमध्ये ढिलाई आहे का, यू-बोल्ट सैल झाले आहेत का, हे तपासावे लागते. मात्र तेथे मेळ निर्मात्याचा असतो आणि नोंदणी प्रमाणपत्रही खरे असते.

९. निष्कर्ष

(१) पुढील अखंड अ‍ॅक्सल मंद वेगाच्या, दगडधोंड्यांच्या वाटेवर स्वतंत्र सस्पेन्शनपेक्षा सरस ठरतो. हा लाभ वास्तव आहे.

(२) त्याचे दोष वेगाबरोबर वाढतात. जुन्नर-आंबेगावच्या पिकअपला दोन्ही प्रकारचे रस्ते एकाच फेरीत कापावे लागत असल्याने केवळ डोंगरातील कामगिरीवरून निर्णय घेणे योग्य नाही.

(३) अदलाबदल हा एका भागाचा बदल नसून ट्रॅक, गुणोत्तर, कॅस्टर, स्टिअरिंग, सांधे आणि चेसिस-ब्रेक या संपूर्ण व्यवस्थेचा बदल आहे. स्थानिक साधनांनी तो मोजता येत नाही.

(४) रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत असा अनधिकृत बदल शिक्षेस पात्र असून विम्याच्या दृष्टीने घातक आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाचे मोल आहे. कोनीय संवेग, सक्तीचे कंपन, तरफ आणि त्रिकोणमिती ही प्रकरणे आपण फळ्यावर शिकवितो आणि विद्यार्थी ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. त्याच विद्यार्थ्यांच्या घरी, अंगणातल्या गाडीखाली, हीच प्रकरणे रोज पैशाचा आणि प्रसंगी जिवाचा निर्णय करीत असतात. फळा आणि अंगण यांतील हे अंतर कमी करणे हे ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकाचे काम होय.

लेखाच्या आरंभी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याच्यासोबत आम्ही ही सर्व गणिते कागदावर मांडली. तो कागद त्याने घरी नेला. त्याच्या वडिलांनी अ‍ॅक्सल बदलला नाही. पुढील सस्पेन्शनचे सर्व झिजलेले भाग एकदम बदलून घेतले. तीच पिकअप आजही पहाटे डोंगर उतरून बाजाराला येते. पावसाळ्यात क्वचित अडते, तेव्हा चार माणसे ढकलून ती बाहेर काढतात. महामार्गावर मात्र तिचे स्टिअरिंग सरळ राहते.